तलाठ्याचे दप्तर आणि डेटाबेसची परीक्षा

इंदापूर तालुक्यातील एका शेतजमिनीची खरेदी झाली, दस्त रीतसर नोंदला गेला, आणि संगणकावर त्याचा अंमल देण्याचे काम चालू असता, विकणाऱ्याचे नाव उतरले आहे परंतु घेणाऱ्याचे नाव अद्याप चढावयाचे आहे अशा नेमक्या क्षणी वीज गेली, अशी कल्पना करा. वीज पूर्ववत झाल्यावर ती जमीन कोणाच्या नावावर दिसेल? विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या, की कोणाच्याच नाही? पहिल्या दोहोंपैकी कोणतेही उत्तर एक वेळ चालेल. तिसरे मात्र कदापि चालणार नाही, कारण ज्या दप्तरात जमीन क्षणभर का होईना बेवारस होऊ शकते, त्या दप्तरावर ना बँक भरवसा ठेवील, ना न्यायालय.

जमिनीच्या जागी बँकेतील रक्कम, रेल्वेचे आरक्षण किंवा साखर कारखान्यातील ऊसबिल घातले, तरी प्रश्न तोच राहतो. परस्परसंबद्ध माहितीचा शिस्तीने मांडलेला संग्रह म्हणजे डेटाबेस, आणि त्याची देखभाल करणारा इसम म्हणजे डेटाबेस व्यवस्थापक, ज्याला या व्यवसायात सर्रास ‘डीबीए’ म्हणतात. बारामतीच्या विद्यानगरीतील विद्या प्रतिष्ठानच्या महाविद्यालयांतून किंवा तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्याच्या कंपन्यांत रुजू होणाऱ्या, अथवा माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर यांसारख्या कारखान्यांच्या संगणक विभागात काम पाहू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे केव्हा ना केव्हा या विषयाची प्रमाणपत्र परीक्षा उभी राहते, आणि वरील प्रश्न कोणत्या ना कोणत्या वेषात तेथे विचारला जातोच.

या परीक्षांचा अभ्यासक्रम वरकरणी आज्ञांची आणि संज्ञांची कंटाळवाणी जंत्री वाटतो. वस्तुतः त्यातील बहुतेक प्रत्येक प्रकरण हे विश्वासार्ह दप्तर ठेवू पाहणाऱ्यांना फार पूर्वीपासून पडत आलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याला तो मूळ प्रश्न सापडला त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही. आणि मूळ प्रश्न सापडण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे बरोबरीच्या माणसाला तो विषय समजावून सांगण्याची जबाबदारी अंगावर घेणे. हे पटविण्यासाठी आपण एकच उपमा शेवटपर्यंत हाती धरू, ती तलाठ्याच्या दप्तराची. आणि ती इंदापूरहून सुरू करण्यास इतिहासाचाही आधार आहे.

प्रत्येक तुकड्यास एक क्रमांक

पेशवाईच्या अस्तानंतर पुणे प्रांताची जमाबंदी बसविण्यासाठी कंपनी सरकारच्या प्रिंगल नामक अधिकाऱ्याने जी पाहणी केली, ती हिशेबाच्या दृष्टीने अत्यंत बारीक परंतु व्यवहारात निरुपयोगी ठरली. निव्वळ उत्पन्नाचे गुंतागुंतीचे गणित, हाताखालच्या मोजणीदारांची अविश्वसनीय कामगिरी आणि पडलेले धान्याचे भाव यांमुळे आकारणी रयतेस झेपेना, आणि इंदापूर तालुक्यात जमिनीच्या जमिनी पडीक पडू लागल्या. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर दलातील लेफ्टनंट यांच्याकडे याच तालुक्याची नवी पाहणी सोपविण्यात आली. पुढील वर्षी तिचे दर तीस वर्षांच्या मुदतीने लागू झाले, आणि इंदापुरात घडलेली ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यातच नव्हे, तर वऱ्हाडापर्यंत पोहोचली.

तिचा गाभा साधा होता. प्रत्येक शेत स्वतंत्रपणे मोजावे, त्याच्या हद्दी कायम कराव्यात आणि त्याला गावापुरता अद्वितीय असा सर्व्हे नंबर द्यावा. मातीची प्रत ठरविताना मोजणीदाराने मनास येईल ते लिहू नये, तर आण्यांत किंमत ठरवून दिलेल्या नऊ प्रतींपैकीच एक निवडावी. मालक बदलो, पीक बदलो, आकारणी वाढो. नंबर तोच राहावा.

१९७० साली आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यावर आजचे बहुतेक व्यावसायिक डेटाबेस उभे आहेत. सर्व माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत मांडावी, प्रत्येक ओळीस तिची ओळख पटविणारे एक मूल्य असावे, आणि माहिती शोधणाऱ्याने ती कोठे ठेवली आहे हे न सांगता केवळ काय हवे आहे तेवढेच सांगावे, ही त्याची कल्पना. ओळीची ओळख पटविणाऱ्या या मूल्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. सर्व्हे नंबर ही गावाच्या तक्त्याची प्रायमरी की होय. ठरीव नऊ प्रतींबाहेरचे मूल्य स्वीकारू नये हा जो दंडक, त्याला ‘कन्स्ट्रेंट’ म्हणतात.

आता परीक्षेतील एक आवडता प्रश्न: प्रायमरी की अर्थपूर्ण असावी की निरर्थक? नवशिका चटकन म्हणतो, अर्थपूर्ण. त्याने १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याचा इतिहास पाहावा. ज्या गावांत एकत्रीकरण योजना लागू झाली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन नवे गट नंबर आले. परंतु जुनी खरेदीखते, मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे हुकूमनामे यांवर जुनेच नंबर राहिले. परिणामी आजही जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारा उतारा शोधत शेतकऱ्याला भूमिअभिलेख कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. जमिनीच्या रचनेचा अर्थ ज्यात भरला होता तो क्रमांक, रचना बदलताच बदलावा लागला. म्हणूनच आजचा आरेखक ओळीच्या ओळखीसाठी ज्यात काहीही अर्थ नाही असा केवळ चढता क्रमांक पसंत करतो, आणि गट नंबर हा स्वतंत्र रकान्यात ठेवतो. तसेच ‘४५/१/अ’ या एका रकान्यात मूळ क्रमांक, हिस्सा आणि पोटहिस्सा अशा तीन गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत; एका रकान्यात एकच गोष्ट असावी हा डेटाबेस-रचनेचा पहिला नियम तेथे मोडतो.

एक गोष्ट, एक जागा

तलाठ्याच्या, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम मिळाले आहे त्यांच्या, दप्तरात अनेक गाव नमुने असतात. नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हे दोन एकत्र छापले की झाला सातबारा. नमुना आठ-अ मध्ये तीच जमीन खातेदारवार मांडलेली असते, म्हणजे एका खातेदाराच्या नावे त्या गावात कोठे किती क्षेत्र आहे ते एकत्र दिसते. सातबारा गटाच्या क्रमाने, आठ-अ माणसाच्या क्रमाने.

हस्तलिखित दप्तरात यामुळे एक पेच उद्भवे. खरेदीनंतर सातबाऱ्यावर नाव लागले, परंतु कामाच्या तगाद्यात आठ-अ दुरुस्त करावयाचा राहिला, तर एकाच दप्तरातून दोन परस्परविरोधी दाखले निघत. दोष कारकुनाच्या आळसाचा नव्हे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिण्याच्या रचनेत तो अंगभूत आहे. डेटाबेस-शास्त्रात यावरील उपायास ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात. प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहावयाची आणि दुसरा दाखला मागितला की तो मूळ नोंदीवरून त्या क्षणी तयार करावयाचा. अशा रीतीने मागणीबरहुकूम तयार होणाऱ्या, स्वतःपाशी काहीच न साठविणाऱ्या तक्त्याला ‘व्ह्यू’ हे नाव आहे.

पण मग शोधाचे काय? सातबारे गटाच्या क्रमाने रचलेले असताना एका खातेदाराची सर्व जमीन काढावयाची, तर सारा गठ्ठा उलगडावा लागणार. येथे ‘इंडेक्स’ उपयोगी पडतो. इंडेक्स म्हणजे नावांच्या अनुक्रमाने लावलेली आणि प्रत्येक नावापुढे मूळ नोंद कोठे आहे एवढेच सांगणारी सूची. बहुतेक डेटाबेसांत तिची रचना ‘बी-ट्री’ नावाच्या पद्धतीची असते, जी बेयर आणि मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास शोधून काढली. तिचे सामर्थ्य साध्या गुणाकाराने कळते. सूचीच्या एका पानावर तीनशे नोंदी मावतात असे धरू. पहिले पान तीनशे पानांकडे बोट दाखविते, त्यांतील प्रत्येक पान आणखी तीनशे पानांकडे, आणि त्या तिसऱ्या पायरीवरील प्रत्येक पान तीनशे मूळ नोंदींकडे; म्हणजे केवळ तीन पाने वाचून दोन कोटी सत्तर लाख नोंदींतील नेमकी एक हाती लागते.

हे ऐकून उत्साही विद्यार्थी प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करावयास निघतो, आणि परीक्षक त्याला नेमका येथेच गाठतो. नवी नोंद घातली की प्रत्येक सूचीतही त्याच क्षणी भर घालावी लागते; सूच्या दहा असतील तर एका नोंदीमागे दहा जादा कामे. वाचन क्वचित आणि लेखन अखंड असे जेथे असते, उदाहरणार्थ गाळप हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या वजनकाट्याच्या नोंदी, तेथे इंडेक्सची संख्या बेतानेच ठेवावी लागते.

आधी फेरफार, मग सातबारा

आता वीज गेल्याच्या प्रश्नाकडे वळू. जमिनीचा हक्क बदलला म्हणून तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये तो प्रथम नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमवार नोंद घेतो: अमक्या गटावर पूर्वी हे नाव होते, अमक्या दस्तान्वये आता हे नाव लागावयाचे आहे. मग हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत मिळते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर पक्का अंमल बसतो. जुने नाव पुसले जात नाही. त्यास कंस करून शेजारी फेरफार क्रमांक घातला जातो.

डेटाबेस हीच शिस्त क्षणार्धात पाळतो. त्याच्या फेरफार नोंदवहीस ‘लॉग’ म्हणतात, आणि नियम असा की मूळ तक्त्याचे पान डिस्कवर बदलण्यापूर्वी त्या बदलाची लॉगमधील नोंद डिस्कवर गेलीच पाहिजे. ज्या अनेक बदलांचे मिळून एक अविभाज्य काम होते, जसे एक नाव उतरणे आणि दुसरे चढणे, त्या समूहास ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. ते प्रमाणित होण्याच्या क्षणास ‘कमिट’ आणि रद्द होण्यास ‘रोलबॅक’ अशी नावे आहेत. कमिटची लॉगनोंद डिस्कवर सुखरूप पोहोचली, म्हणजेच काम पक्के झाले. मूळ तक्त्याचे पान त्यानंतर सवडीने बदलले तरी हरकत नाही.

वीज गेली आणि परत आली की डेटाबेस उघडण्यापूर्वी लॉग वाचावयास बसतो. ज्या ट्रान्झॅक्शनची कमिट-नोंद सापडते, तिचे सर्व बदल, तक्त्यात उतरावयाचे राहिले असल्यास, तो पुन्हा करतो. जिची कमिट-नोंद सापडत नाही, तिचे अर्धवट उतरलेले बदल तो जुन्या मूल्यांच्या आधारे मागे घेतो. आपल्या उदाहरणात नाव उतरल्याची नोंद आहे पण कमिट नाही. सबब जमीन विकणाऱ्याच्याच नावावर पूर्ववत दिसेल, आणि कारकुनास काम पहिल्यापासून करावे लागेल. या पुनरुज्जीवनाची जी सुसूत्र रीत आज पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते, ती आयबीएममधील सी. मोहन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने मांडली.

उपमेची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. फेरफार नोंदवही कायमची जपली जाते. डेटाबेसचा लॉग मात्र जागा भरली की जुन्या नोंदींवरच पुन्हा लिहू लागतो, जोपर्यंत व्यवस्थापकाने भरलेला लॉग प्रत काढून बाजूस ठेवण्याचा हुकूम दिलेला नाही. ओरॅकल डेटाबेसमध्ये या हुकमाचे नाव ‘आर्काइव्ह लॉग’, आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो. समजा रविवारी रात्री संपूर्ण डेटाबेसची प्रत, म्हणजे बॅकअप, घेतली आहे, आणि बुधवारी साडेअकरा वाजता कोणाच्या चुकीने एक अख्खे टेबल नष्ट झाले. रविवारची प्रत मांडून तिच्यावर तेव्हापासूनचे सर्व लॉग अनुक्रमाने चढवीत गेल्यास बुधवारचे अकरा वाजून एकोणतीस मिनिटे गाठता येतात. मधला एखादा लॉग जपलेला नसेल, तर त्या लॉगपाशीच प्रवास थांबतो.

दोन माणसे, एक गट

हस्तलिखित दप्तराच्या काळात फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचा क्रमांक पेन्सिलीने टिपून ठेवण्याचा शिरस्ता असे. प्रमाणित झाल्यावर तो शाईने पक्का होई. या पेन्सिलनोंदीवर भरवसून कोणी व्यवहार केला आणि पुढे तो फेरफार रद्द झाला, तर? अप्रमाणित बदल वाचण्याच्या या धोक्यास ‘डर्टी रीड’ म्हणतात. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांत तो होऊच दिला जात नाही. वाचकास शेवटचे प्रमाणित मूल्यच दाखविले जाते, मग मागे कोणी कितीही बदल करीत असो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र मुद्दाम मागितल्यास तशी मुभा आहे.

लिहिणारे दोघे असतील तर एकाने हाती घेतलेली ओळ दुसऱ्यास मिळत नाही, त्याला थांबावे लागते. यास ‘लॉक’ म्हणतात. आता एका कारकुनाने गट ४५ हाती घेतला आहे आणि त्याला गट ७८ हवा आहे; दुसऱ्याने गट ७८ घेतला आहे आणि त्याला ४५ हवा आहे. दोघेही कल्पांतापर्यंत थांबतील. या कोंडीचे नाव ‘डेडलॉक’. डेटाबेस ती स्वतः ओळखतो आणि एकास माघार घ्यावयास लावतो.

इथवर सर्व पुस्तकांचे एकमत. परंतु ज्याला माघार घ्यावी लागते त्याचे नेमके काय रद्द होते? एसक्यूएल सर्व्हर त्याची सबंध ट्रान्झॅक्शन मागे घेतो. पोस्टग्रेसही संपूर्ण ट्रान्झॅक्शन बाद ठरवितो. ओरॅकल मात्र ‘ओआरए-०००६०’ ही चूक दाखवून केवळ ती शेवटची अडलेली आज्ञा मागे घेतो. त्याआधी केलेला बदल आणि त्यावरचा लॉक तसाच राहतो. अर्थात कोंडी सापडली असे संदेश सांगत असला तरी दुसरा कारकून अजून तिष्ठतच असतो, आणि माघार घेणाऱ्याने स्वतःहून कमिट किंवा रोलबॅक करीपर्यंत त्याची सुटका नाही. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत हा सापळा असतो, आणि प्रत्यक्ष नोकरीत तो रात्री दोन वाजता फोन वाजवितो. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून, दोन ओळींचे एक टेबल करून, कोणासही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

चौकट: थोडक्यात
• प्रायमरी की: ओळीची न बदलणारी ओळख; सर्व्हे वा गट नंबर बदलू शकतो, म्हणून आज निरर्थक चढता क्रमांक पसंत.
• नॉर्मलायझेशन: एक गोष्ट एकाच जागी, दुसरा दाखला मूळ नोंदीवरून काढावा.
• इंडेक्स: शोध जलद होतो, परंतु प्रत्येक लेखनाचे काम वाढते.
• लॉग: आधी फेरफार, मग सातबारा, कमिट-नोंद डिस्कवर गेली की काम पक्के.
• लॉक आणि डेडलॉक: एका वेळी एकच लिहिणारा, कोंडी झाल्यास एकाची माघार, पण माघार किती घ्यावयाची हे डेटाबेसगणिक वेगळे.

परीक्षांचे स्वरूप आणि अभ्यासाची रीत

ओरॅकलच्या प्रमाणपत्रांची परंपरागत पायरी असोसिएट, प्रोफेशनल आणि मास्टर अशी आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते, तर मास्टरसाठी चालत्या यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या ‘डीपी-३००’ या परीक्षेत हजारांपैकी सातशे गुण लागतात, आणि मिळालेले प्रमाणपत्र वर्षभरच टिकते. मुदत संपण्यापूर्वी विनाशुल्क चाचणी देऊन त्याचे नूतनीकरण करावयाचे असते. पोस्टग्रेस हा स्वयंसेवकांच्या समूहाने वाढविलेला मुक्त डेटाबेस असल्याने त्या समूहाची अशी अधिकृत परीक्षाच नाही. काही खाजगी कंपन्या त्यावर आपापल्या परीक्षा घेतात.

नोकरी सांभाळून अभ्यास करणारा उमेदवार सामान्यतः जाड पुस्तक पुनःपुन्हा वाचतो, महत्त्वाच्या ओळींवर रंग फिरवितो आणि सर्व ओळखीचे वाटू लागले की तयारी झाली असे मानतो. ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर इतरांनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वाचताना काहीच अडत नाही, म्हणून वाचणाऱ्याला आपले ज्ञान आहे त्याहून अधिक वाटते. आठवताना अडते, आणि त्या अडण्यातूनच ते पक्के होते.

सांगणे हा अभ्यासाचाच भाग

बरोबरीच्या माणसास समजावून सांगणे ही आठवण्याची सर्वांत कठोर रीत, कारण पुस्तक उलट प्रश्न विचारीत नाही आणि सहकारी विचारतो. लॉग म्हणजे काय, हे कोणीही व्याख्येने सांगेल. परंतु ‘लॉगच लिहिता लिहिता वीज गेली तर?’ असे समोरच्याने विचारले की व्याख्या संपते आणि विचार सुरू होतो. (उत्तर असे: प्रत्येक लॉगनोंदीस पडताळ्याचा एक अंक जोडलेला असतो, अर्धवट नोंदीचा अंक जुळत नाही, आणि डेटाबेस तेथेच वाचन थांबवून ती नोंद झालीच नाही असे धरतो.) तीन-चार जणांचा एक गट करावा, दर आठवड्यास एकाने एक प्रकरण मांडावे आणि इतरांनी प्रत्येक सोयीविषयी तीनच गोष्टी विचाराव्यात: ही सोय नसती तर काय मोडले असते, तिची किंमत कोठे चुकवावी लागते, आणि ती कोणत्या प्रसंगी निरुपयोगी ठरते. इंडेक्स, बॅकअप, लॉक यांपैकी काहीही या तीन प्रश्नांतून गेले की परीक्षकाचा सापळा आपोआप उघडा पडतो.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. ज्ञान वाटणे वेगळे आणि प्रश्नपत्रिका वाटणे वेगळे. परीक्षेस बसताना प्रत्येक उमेदवार प्रश्न गुप्त राखण्याच्या कराराला संमती देतो. तरीही आठवून लिहून काढलेल्या प्रश्नांचे चोरटे संग्रह सर्रास फिरतात. असा संग्रह वापरल्याचे उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होते, हा भाग झालाच; परंतु त्याहून मोठी हानी अशी की त्या संग्रहात उत्तरे असतात आणि कारणे नसतात. कित्येक उत्तरे चुकीचीही असतात, आणि कारण ठाऊक नसलेल्या माणसास ती चूक ओळखता येत नाही.

या बाबतीत इंदापूरच्या मोजणीचा उत्तरार्ध लक्षात घेण्यासारखा आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापुरात व शेजारच्या मुलखात जे शिकले, ते त्यांनी आपल्यापुरते ठेवले असते तर त्यांच्या बदलीबरोबर ती पद्धतही लोपली असती. परंतु निरनिराळ्या जिल्ह्यांत वेगवेगळे अधिकारी मोजणी करीत असताना पद्धतीत फाटे फुटू लागले, तेव्हा या दोघांनी डेव्हिडसन या तिसऱ्या अधिकाऱ्यासह १८४७ मध्ये एक संयुक्त अहवाल तयार केला. मोजणी कशी करावी, प्रत कशी ठरवावी, एवढेच नव्हे तर तसे का करावे, याची चर्चा त्यात होती, आणि पुढच्या पिढीतील मोजणी अधिकारी त्यावरच तयार झाले. महसूल खात्यात आजही तलाठ्यास दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढील बढतीसाठी महसूल अर्हता परीक्षा द्यावी लागते. म्हणजे कामातून नियम, नियमांतून परीक्षा, आणि परीक्षेतून पुन्हा कामास योग्य माणूस, हे चक्र जमिनीच्या दप्तरात फार पूर्वीच फिरू लागले होते. या चक्रातील मधला दुवा, म्हणजे कारणांसह लिहून ठेवलेला अनुभव, गळाला की परीक्षा हा निव्वळ उपचार होऊन बसतो.

म्हणून अभ्यासगटाचा शेवट केवळ प्रमाणपत्राच्या चौकटीने होऊ नये. ज्यांनी मिळून अभ्यास केला त्यांनी मिळून एक सरावही करावा: चालू डेटाबेसची प्रत वेगळ्या यंत्रावर मांडून तिची एक फाइल मुद्दाम नष्ट करावी, बॅकअप आणि लॉग यांवरून ती उभी करावी, किती वेळ लागला आणि कोठे अडले ते लिहून ठेवावे, आणि पुढील खेपेस ते काम, ज्याने आधी केले नाही, त्याच्याकडे द्यावे. कारखाना असो, पतसंस्था असो की पुण्यातील मोठी कंपनी, ज्या कचेरीत हा सराव शेवटचा केव्हा झाला याची तारीख कोणास सांगता येत नाही, तिच्याकडे बॅकअप आहे असे मानू नये. मग तिच्या भिंतीवर प्रमाणपत्रे कितीही टांगलेली असोत.